एका पेटीतले दोन सरडे

महागावच्या मैनाबाईंची ओळख एका वाक्यात संपत असे. त्यांच्या घरात एकच चूल होती. दोन लग्न झालेली मुलं, दोन सुना, नातवंडं, नवरा मारोतराव, सगळ्यांचं एकाच परातीतल्या कणकेवर भागे. गावात कुठे भाऊ वेगळे निघू लागले की लोक मैनाबाईंना बोलावून नेत. त्या ओसरीवर बसत, चहा नको म्हणत आणि त्या घरच्या सुनेला विचारत, "काय वं, दोन घास वेगळे शिजवले तर त्याले का सोनं लागते?" बहुतेक सुना गप्प बसत. ज्या बसत नसत, त्यांची नावं मैनाबाई पुढे वर्षभर घेत.

त्यांच्या स्वतःच्या सुना, थोरली शीला आणि धाकटी वैष्णवी, वेगळं व्हायचं म्हणत नव्हत्या. म्हणजे मैनाबाईंपुढे म्हणत नव्हत्या. त्या नवऱ्यांपाशी म्हणत, नवरे मारोतरावांपाशी म्हणत, आणि मारोतरावांना नेमकं त्या वेळी शेतात काम निघे.

बोंडअळीच्या साली, दिवाळी झाल्यावर, लेकीचा मुलगा पियुष नागपूरहून दोन सरडे घेऊन आला. त्याला नोकरीच्या ट्रेनिंगसाठी बंगलोरला जायचं होतं, आणि सरडे आणि मी एका घरात राहणार नाही, असं त्याच्या आईनं बजावलं होतं. एक लहाना, एक मोठा, वीत-दीड वीत लांबीचे, वाळूच्या रंगाचे, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेले ते प्राणी मैनाबाईंनी चष्मा लावून पाहिले.

"हे कायले आणले बा? आपल्या वावराच्या धुऱ्यावर सरडे कमी हायेत का?"

"आजी, हे ऑस्ट्रेलियाचे हायेत."

"मंग? तिकडं भाव नाई का त्याइले?"

पियुषनं समोरच्या खोलीत दोन काचेच्या पेट्या मांडल्या. दोन पेट्या, दोन दिवे, दोन वाट्या. दिवा दिवसभर चालू हवा, कारण या जनावराला ऊन लागतं, हे त्यानं समजावलं. मग म्हणाला, "आणि आजी, याइले एका पेटीत ठेवू नको. कधीच नाई."

"काहून गा? भाऊ नाईत का?"

"एकाच दुकानातून आणले हायेत."

"म्हणजे भाऊच," मैनाबाई म्हणाल्या.

पियुष गेला, आणि मैनाबाईंना त्या दोन पेट्या डोळ्यांत खुपू लागल्या. कारणं व्यवहाराचीही होती. त्या साली अळीनं बोंडं पोखरली होती, आणि जो काही कापूस हाती लागला तो भाव चढेल या आशेनं घरातच पडून होता. समोरची खोली आढ्यापर्यंत भरली होती. तिथं माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती आणि सरड्यांना मात्र दोन घरं होती. त्यात वीज जाई, आणि इन्व्हर्टर दोन दिवे ओढत नसे. पण खरं कारण वेगळं होतं. ज्या घरात माणसांचा वेगळा संसार नाही, त्या घरात सरड्यांनी वेगळं राहायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते बघायचं, हे मैनाबाईंना पटण्यासारखं नव्हतं. एका सकाळी त्यांनी हाताला पदर गुंडाळला, लहान्याला उचललं आणि मोठ्याच्या पेटीत ठेवलं. रिकामी पेटी माळ्यावर गेली.

मोठ्याची दाढी काळी पडली. त्यानं मान जोरजोरात वरखाली हलवली. लहान्यानं एक पुढचा पाय उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवला.

"पाह्य," मैनाबाई मारोतरावांना म्हणाल्या, "लहान्यानं नमस्कार केला. मोठा व्हय व्हय म्हणून राह्यला."

"त्याची दाढी काळी काहून झाली?"

"तुमची पांढरी झाली तवा मी विचारलं का?"

दुपारी मोठा लहान्याच्या पाठीवर चढला आणि दिव्याखाली डोळे मिटून पडून राहिला. मैनाबाईंनी शेजारच्या हंसाबाईंना हाक मारली. हंसाबाईंनी काचेला नाक लावलं. "अवं माय! सख्खे भाऊ असे झोपत नाईत."

तिथून पुढे मैनाबाईंना भांडणं मिटवायला दुसऱ्याच्या ओसरीवर जायची गरज उरली नाही. त्या भांडणाऱ्यांनाच पेटीपुढे आणून उभं करत. "जनावराले समजते," एवढंच म्हणत. एका घरातले दोघं भाऊ तर खरोखर ओशाळून परत गेले.

खाण्याचा प्रश्न तेवढा अवघड होता. पियुषनं दिलेल्या अळ्या संपल्यावर मारोतरावांना वाटलं की देवानं हिशेब जुळवून दिला आहे. शेतात गुलाबी अळी फुकट होती. पण फवारणीच्या शेतातलं काहीही देऊ नका, असं पियुषनं फोनवर बजावलं. त्या हंगामात जिल्ह्यात फवारणीनं माणसंच दवाखान्यात भरती झाली होती, तेव्हा कारण विचारावं लागलं नाही. मग नातवंडं शाळेमागच्या पडीत जागेतून नाकतोडे धरून आणू लागली. मैनाबाई ते स्वतःच्या हातानं पेटीत सोडत, भोपळ्याच्या बारीक फोडींबरोबर.

स्वयंपाकघराच्या दारातून पेटी सरळ दिसे. एकदा भाकरी थापता थापता वैष्णवी शीलाला म्हणाली, "बाई, त्या खालच्याले पाह्यता का? मले तर त्याच्यात माझंच तोंड दिसते."

"तुझं कसं वं?" शीला म्हणाली. "तू काल आली. खाली तर मी हावो."

"मंग वरतं कोण हाय?"

दोघींनी एकाच वेळी ओसरीकडे पाहिलं. हसता हसता तव्यावरची भाकरी करपली.

"कायले दात काढता वं?" ओसरीवरून आवाज आला.

"सरड्याले, आत्याबाई!"

लहाना वाळतो आहे हे सगळ्यांत आधी मैनाबाईंना कळलं, कारण चारा त्या घालत. नाकतोडा सोडला की मोठा झडप घाली, लहाना कोपऱ्यात पाय हलवत बसे. त्यांनी त्याच्या तोंडापुढे धरून पाहिलं, त्यानं तोंड फिरवलं. पाठीचे मणके वर आले. एके दिवशी त्याच्या शेपटीचं टोक तुटलेलं दिसलं. मैनाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. पेटी अशी फिरवून ठेवली की लहान्याचा कोपरा भिंतीकडे जाईल. त्या दिवशी दोन माणसं भांडण मिटवायला आली होती, त्यांना त्यांनी ओसरीवरूनच वाटेला लावलं.

वैष्णवीनं मात्र पेटी फिरलेली पाहिली. तिनं पियुषला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन भिंत आणि काच यांच्या फटीत धरला.

पियुष ओरडला तो बाहेरपर्यंत ऐकू आला. "आजी! एकत्र ठेवले? कधीपासून?"

मैनाबाईंनी फोन हातात घेतला. शीला आणि वैष्णवी मागे उभ्या राहिल्या. कापसाच्या ढिगापाशी मारोतरावही उभे होते. त्या दिवशी नेमकं त्यांना शेतात काम नव्हतं.

"प्रेमानं राह्यतात बा," मैनाबाई म्हणाल्या. "एकमेकाच्या अंगावर झोपतात."

"आजी, ते प्रेम नाई. मोठा त्याले दाबून राह्यला. दिव्याची ऊब सारी आपणच घेते. अन् हा जो हात हलवते ना, थो म्हणते, मी हारलो, मले मारू नको. आज वेगळा केला नाई तर मरन थो."

मैनाबाई काचेकडे बघत राहिल्या. आत लहान्यानं पुन्हा पाय उचलला आणि गोल फिरवला.

आयुष्यभर जे दोन शब्द त्यांनी कुणाच्या घरात उच्चारू दिले नव्हते, ते त्या म्हणाल्या, पण फार हळू. मारोतरावांना ऐकू आलं नाही, म्हणून परत म्हणावं लागलं. "वेगळे करा!"

पेटी माळ्यावरून उतरली. दुसरा दिवा लागला. लहान्यानं पहिले काही दिवस काही खाल्लं नाही, आणि तेवढे दिवस मैनाबाईही नीट जेवायला बसल्या नाहीत. मग एका सकाळी त्यानं नाकतोडा पकडला आणि कुडुमकुडुम चावला. मैनाबाई तिथून उठल्या त्या थेट स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"सांगा," त्या सुनांना म्हणाल्या. "तुमच्यातली कोण वेगळी होते? मी आडवी येत नाई. मले माणूस मारून एक चूल ठेवायची नाई."

सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. वैष्णवीनं शीलाला कोपरानं ढोसलं. शीलानं घसा साफ केला.

"आत्याबाई, आमचं दोघीचं एकमेकीसोबत काही नाई. आमचं जमते."

"मंग?"

"मंग तुमीच," शीला म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

हा प्रकार मैनाबाईंच्या पाहण्यात नव्हता. सुना वेगळ्या निघतात, भाऊ निघतात, पण सासू वेगळी निघाल्याचं त्यांनी कुठल्याच ओसरीवर ऐकलं नव्हतं. त्या मारोतरावांकडे वळल्या. "ऐकून राह्यले का? मले वेगळं काढून राह्यल्या."

"मी कोणाकडं?" मारोतरावांनी आशेनं विचारलं.

"माह्याकडं!"

मागच्या पडवीत नवी चूल मांडली. मैनाबाईंनी ती स्वतः सारवली आणि हंसाबाईंना सांगितलं की सुनांच्या हातचं तिखट आता पोटाला चालत नाही, म्हणून मीच निघाले. हंसाबाईंनी ऐकून घेतलं. गावात खरं कारण तोवर पोचलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी वैष्णवीनं पडवीत वाटीभर वांग्याची भाजी आणून ठेवली. मैनाबाईंनी घास घेतला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाल्या, "मीठ कमी हाय वं!"

"आमच्या मापानं बरोबर हाय, आत्याबाई!" आतून दोघींचा आवाज आला.

मारोतराव खाली मान घालून भराभर जेवत होते. मैनाबाईंनी मिठाचा डबा नवऱ्यापुढे सरकवला, आपल्या ताटात चिमूटभर टाकलं आणि दुसरा घास घेतला.