नोकरी नसलेला डेमो तास

मंडळी, अजून सावरले नाहीये.

एप्रिलमध्ये शाळेतली नोकरी गेली, तेव्हापासून शोधतेय. आज परभणीतल्या एका क्लासने मुलाखत म्हणून गणिताचा डेमो तास घ्यायला बोलावलं होतं.

फळ्याकडे वळले, तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कालच्या मॅडमनी अपूर्णांकांची बेरीज घेतली, तुमी वजाबाकी घ्या. आमाला रोज नव्या मॅडम यायल्यात."

म्हणजे नोकरी नव्हतीच! आमच्या फुकटच्या डेमोंवर यांचा उन्हाळी वर्ग चालू होता. मुलांचा काय दोष, म्हणून तास पूर्ण केला.

दारात स्कार्फ सोडत एक तरुणी म्हणाली, "ताई, उद्या माझा डेमो हाय. ताडकळसहून पत्ता बघायला आले."

मी सगळं सांगितलं. तिने स्कार्फ परत बांधला. मग म्हणाली, "तरी येते. घरी बसून शिकवायचंच विसरायलेय."

मला तिला अडवता आलं नाही. तुम्ही अडवलं असतं?