टाके न मारलेली गादी

मी व्यावसायिक फुटबॉल खेळायचो असं सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडं बघतात आणि मग विचारतात, "गोल किती केले?" गोलकीपर होतो म्हटलं की विचारतात, "मग वाचवले किती?" इथं माझी पंचाईत होते, कारण माझ्या नोकरीचा बराचसा काळ मी बसून काढला. संघात गोलकीपर दोन-तीन असतात, पण खेळतो एकच. पुढच्या फळीतला दमला की त्याला बदलतात, मधल्या फळीतल्याला सूर सापडेनासा झाला तरी बदलतात. गोलकीपरला उगीच कुणी बदलत नाही. पहिल्याला काही तरी लागावं किंवा त्याला लाल कार्ड मिळावं, तेव्हा कुठं दुसऱ्याचा नंबर. आणि सगळ्यात जास्त काळ ज्याच्या मागं बसलो तो पहिला तर माझा मित्र, एकाच खोलीत राहायचो आम्ही. माझा स्वभाव तापट आहे, पण कुणाचं वाईट चिंतण्याइतका नाही.

आई मॅच मोबाइलवर बघायची आणि शेजारणींना कौतुकानं दाखवायची, "तो बघा, निळ्या जाकिटातला, कडंला बसलाय, तो आमचा." एकदा शेजारीण म्हणाली, "लई शांत बसतो हो तुमचा पोरगा." आईनं ते मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी मी कुणाशी धड बोललो नाही.

तरीही मागं वळून बघतो तेव्हा मनात तक्रार फार उरत नाही. गावाकडच्या मुरमावर गुडघे सोलणाऱ्या पोराला हिरवळीवर पगार घेऊन राहायला मिळालं, हे काय थोडं झालं? ज्यांच्यामुळं मिळालं ते बरेच आहेत, पण सगळ्यात आधी नाव घ्यावं असा माणूस एकच. नाव मात्र ते घेऊ देत नाहीत, म्हणून नुसतं चाचा म्हणतो. जुन्या शहरातल्या शहागंज बाजारात त्यांचं गाद्यांचं दुकान आहे.

आम्ही शहराच्या कडेच्या हर्सूलचे. घरची थोडी शेती, वडील कंपनीत. बहिणीच्या लग्नात द्यायच्या गाद्यांसाठी आई घरचाच कापूस घेऊन शहागंजात निघाली आणि ओझं उचलायला मला घेतलं. चाचांच्या दुकानामागच्या खोलीत पिंजलेल्या कापसाचा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला होता. शाळकरी पोराला असा ढीग दिसल्यावर तो काय करणार? मी धावत आलो आणि आडवी उडी मारली. आईनं कपाळाला हात लावला. चाचा गल्ल्यावरून उठून आत आले. दाढीत, भुवयांत कापूस अडकलेला. आता हा माणूस कान पिळणार म्हणून मी तयारीत उभा राहिलो.

ते म्हणाले, "अब बायीं तरफ से मार."

मी डावीकडून मारली. चांगली आली नाही. "रोज आ," ते म्हणाले, आणि आईकडं वळून कापसाचं वजन करायला लागले.

पुढं कळलं की चाचा तरुणपणी जुन्या शहरातल्या एका संघाचे गोली होते. आमच्याकडची मैदानं मुरमाची. तिथं गोलकीपर सहसा अंग टाकत नाही, टाकलं तर मांडी सोलून निघते. म्हणून आमच्याकडचे बरेच गोली उभ्या उभ्या बॉल जाऊ देतात आणि मग बॅकला शिव्या घालतात. चाचांचं म्हणणं होतं की पडायची भीती गेली तरच गोली तयार होतो, आणि ती भीती घालवायची त्यांची रीत त्यांच्या धंद्यातूनच आली होती. दुकान आवरलं की आधी कापसाच्या ढिगावर पाडायचे. काही महिन्यांनी गादीवर. मग रजईवर. मग सतरंजीवर. "कुहनी पे नक्को, कुशी पे गिर," असं ओरडायचे, म्हणजे कोपरावर नको, कुशीवर पड. माझ्यामुळं अर्धं मराठी शिकले आणि माझ्या तोंडात अर्धी दखनी घातली. सतरंजीवर पडून मी हसत उठायला लागलो तेव्हा त्यांनी मला मैदानात नेलं.

मैदानात उतरताना त्यांनी मला एक चड्डी शिवून दिली. गादीपाटाची, म्हणजे गादीच्या खोळीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, दोन्ही कुशींवर कापूस भरून घट्ट टाके मारलेले. शाळेतली पोरं मला गादीवाला म्हणायची. मी दोघा-तिघांना धरून बदडलं, तरी म्हणायची. पण त्या चड्डीच्या जिवावर मी मुरमावर असा पडायचो की बघणारे हळहळायचे आणि मी अंग झटकून उभा राहायचो.

ती चड्डी घालूनच मी पुण्याला निवड चाचणीला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या गवतावर उभा राहिलो. मला वाटलं, सगळ्या मैदानावर कुणीतरी गादीच अंथरून ठेवलीय. मग काय, जे बॉल नुसता हात पुढं करून धरता आले असते त्यांच्यावरही मी झेपावत होतो. निवडणारे हसले, पण त्यांनी मला घेतलं.

तिथून गोवा, मग केरळ, मग आणखी एक-दोन शहरं. सगळीकडं दुसरा गोलकीपर. दुसऱ्याचं काम लोकांना दिसत नाही, पण ते असतं. मॅचआधी पहिल्याला बॉल मारून मारून त्याचे हात गरम करायचे, समोरच्या संघाचा कोण कुठल्या पायानं मारतो ते त्याला आठवण करून द्यायचं, त्यानं गोल खाल्ला तर मध्यंतराला त्याच्या शेजारी गप्प बसायचं. हे मी मनापासून केलं. माझ्या त्या मित्रानं तसं कबूलही केलं, एकदा नाही, अनेकदा. असा मित्र मिळायलाही नशीब लागतं.

सुट्टीत घरी आलो की दुसऱ्या दिवशी शहागंज. क्लबात विकतचे पॅड मिळायचे, तरी सरावाला मी चाचांचीच चड्डी घालायचो. वर्षभर पडून पडून तिच्यातला कापूस दबून जायचा. चाचा शिवण उसवायचे, कापूस काढून पुन्हा पिंजायचे, भरायचे, टाके मारायचे. मी समोर बसून चहा प्यायचो आणि सगळ्या मॅचेसची हकीकत सांगायचो, म्हणजे दुसऱ्यांनी खेळलेल्या मॅचेसची.

त्यांचा खोकला वाढत चालला होता. जन्मभर कापसाची धूळ नाकातोंडात गेलेली. "अर्धी दुकान तो छाती में भरी है," म्हणायचे आणि हसायचे, हसताना पुन्हा खोकायचे. डॉक्टरांनी दुकान सोडा म्हणून सांगितलं होतं. एका सुट्टीत चड्डीच्या कडेला दोरा ओढता ओढता ते सहज बोलल्यासारखं बोलले, "एक दफा तेरेकू खेलते देखना है. बैठा हुआ बहोत देख लिया."

 त्या दिवसापासून बाकावर बसणं मला जड जाऊ लागलं. इकडं माझा नंबर लागेना आणि तिकडं चाचांचा श्वास आखूड होत चाललेला. मला खेळताना बघणं त्यांच्या नशिबात आहे का नाही, हा एकच हिशेब डोक्यात राहायचा.

आणि पुढच्याच सुट्टीत त्यांनी माझ्या हातात चड्डीबरोबर एक छोटी गादी ठेवली. बाकावर मावेल एवढी.

"फोन में दिखता मेरेकू. लोहे की बेंच है. कमर जाएगी तेरी."

मी घेतली, पाया पडलो आणि बसमध्ये बसल्यावर माझं डोकं फिरलं. म्हणजे यांनीपण आशा सोडली. पोरगा काही उठत नाही, निदान नीट तरी बसू दे, असंच ना? त्यात गादी उलटीपालटी करून पाहिली तर तिला टाके नाहीत. गादीत कापूस भरून चारी कडा शिवल्या की काम संपत नाही. दाभणानं दोरा आरपार ओवून जागोजागी टाके मारतात, म्हणजे कापूस जागचा हलत नाही. टाके नसलेली गादी चार दिवसांत एका कोपऱ्यात गोळा होते. आणि शहागंजात चाचांची ओळखच मुळी त्यांच्या टाक्यांची. मला वाटलं, माणसाचं मन उडालं की हातही उडतात. फेकून द्यावी असं फार वाटलं. फेकवली नाही.

क्लबात पोरांनी खूप चेष्टा केली. पाच मिनिटांनी, थंडीत लोखंडी बाकावर बसल्यावर, आमच्या कोचनंच ती मागून घेतली. मग काय, सगळ्यांना हवीहवीशी झाली. पण दर वेळी कापूस एका बाजूला पळायचा आणि मध्यंतराला ती बुक्क्या मारून सारखी करावी लागायची. तो उद्योग माझा.

पुढच्या सुट्टीत मी म्हणालो, "चाचा, एवढे टाके मारून द्या हिला."

"हौ, मारेंगे. जल्दी क्या है?"

त्याच्या पुढच्या सुट्टीतही हेच. मी जरा आवाज चढवून बोललो, "बसवत नाय हो हिच्यावर." तर म्हणाले, "अच्छा है," आणि चहा सांगितला. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग ती मॅच आली. दुसरा अर्धा भाग चालू होता. माझा मित्र बॉलवर झेपावला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या खांद्यावर बसला. तो उठेना. डॉक्टर धावले, कोचनं माझ्याकडं पाहिलं. मी जाकीट काढलं. आई सांगते की मला उभा राहिलेला बघून तिनं मॅच बघणं सोडलं आणि पहिला फोन शहागंजात लावला. एवढंच म्हणाली, "चाचा, उठला तो." आणि ठेवून दिला.

पहिला बॉल आमच्याच बॅकनं मागं दिला, साधा, सरळ. मी तो इतक्या जोरात मारला की प्रेक्षकांत गेला.  मित्राला अजून मैदानाच्या कडेनं स्ट्रेचरवरून नेत होते, त्यानं जाता जाता मान वळवून मला अंगठा दाखवला, तेव्हा जरा जिवात जीव आला. मग एक कॉर्नर झाला. गर्दीतून कुणीतरी डोकं लावलं आणि बॉल माझ्या डावीकडं, खाली, अगदी खांबाजवळ निघाला. विचार करायला वेळ नव्हता. मी डावीकडं अंग टाकलं. बोटांच्या टोकाला बॉल लागला, खांबावर आदळून बाहेर गेला. कुशीखाली ओलं गवत होतं. आजही त्या कुशीवर वळलो की आठवतं.

शेवटी शेवटी मी एक गोल खाल्लाही. मॅच बरोबरीत सुटली. पण कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी माझी पाठ थोपटून लाल केली. फोन बघितला तर शहागंजातून येऊन गेलेला. मी लावला. त्यांनी खोकत खोकतच उचलला.

"बायीं तरफ से मारा ना?"

"व्हय, चाचा."

"देखा मैंने." आणि लगेच, "गोल खाया वो भी देखा."

मी त्या खोलीत, सगळ्यांच्या देखत रडलो. आनंदानंच.

मित्राचा खांदा भरून येईपर्यंत मी खेळलो, तो परतल्यावर पुन्हा बसलो. पुढं अधूनमधून संधी मिळत गेली. मग गुडघ्यानं जवाब दिला आणि मी घरी आलो. आता छावणीतल्या मैदानावर पोरापोरींना गोलकीपिंग शिकवतो.

परत आल्यावर शहागंजात गेलो तेव्हा हातात ती गादी होती. चाचांनी कापूस पिंजायचं मशीन विकून टाकलं होतं, दुकानात पुतण्या फोमच्या गाद्या विकत होता आणि ते नुसतेच दाराशी बसायचे. मी म्हणालो, "खेळ संपला चाचा." त्यांनी माझ्या हातातून गादी घेतली, पुतण्याला दाभण आणायला सांगितलं.

"अब मारता टाके," ते म्हणाले.

"इतकी वर्षं मागं लागलो तेव्हा नाय मारले."

दोरा ओवता ओवता त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "टाके मारे तो गद्दी पक्की हो जाती. तेरेकू वहाँ पक्का नै बैठना था."

 मी गादी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. त्यांना दर टाक्यानंतर दम खावा लागत होता. मी मधे म्हटलं, राहू द्या, उरलेले उद्या. त्यांनी ऐकलं नाही. सगळे टाके सारख्या अंतरावर बसले, त्यांच्या पूर्वीच्या हातासारखेच.

ती गादी आता मैदानावर असते, गोलच्या मागच्या सिमेंटच्या कट्ट्यावर. संध्याकाळी पुतण्या चाचांना रिक्षातून आणून सोडतो आणि ते तिच्यावर बसून पोरांना ओरडतात, कुहनी पे नक्को म्हणून. पोरं मलाही आग्रह करतात, सर, तुम्हीपण बसा. मी म्हणतो, मी बरा आहे. आणि चाचांच्या शेजारी उभा राहतो.