दारावरचं तांबडं भात

मी कृषी सहायक म्हणून घणसोली गावात जायचो, तेव्हा तिथे भात लावणारी घरं बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. त्यातलं एक मावशीचं, घरात ती एकटी. खाडीलगत तिचं एकच शेत, वर्षभराचा तांदूळ त्यातूनच. पण अलीकडे उधाणाचं पाणी बांध ओलांडून आत येई आणि पाऊसही मध्येच आठ-दहा दिवस दडी मारी. मी तिला खारं सोसणारं नवं बियाणं दिलं, वर शहाणपणही शिकवलं: जुनं तांबडं बी ठेवू नका, मिसळलं तर दोन्ही बिघडतील. तिने ते कांडून खाल्लं.

जूनमध्ये जमीन भिजताच मी तिला पेरायला लावलं. मी साताऱ्याचा, आमच्याकडे ओल झाली की पेरतात. इथली माणसं मात्र शेतातलं पाणी आधी जिभेवर घेऊन बघतात. मावशी म्हणालीही, "अजून खारट हाय." मी ऐकलं नाही. मग पाऊस गेला, वाफ्यावर मिठाचा पांढरा थर आला आणि कोवळी रोपं करपली; एवढं मीठ त्या नव्या बियाण्यालाही सोसलं नाही.

नोकरीची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण ही बाई आता पेरणार काय? नवं बियाणं त्या हंगामापुरतं संपलं होतं. तांबडं बी गावात कुणाकडेच नव्हतं; उरलेले शेतकरीही ते लावत नव्हते. आणि ज्यांच्या जमिनीच शहरात गेल्या ते बियाणं कशाला ठेवतील?

मावशीलाच आठवलं. नव्याच्या पुनवेला, आश्विनात नवं पीक येतं तेव्हा, दारावर आंब्याच्या पानांसोबत भाताच्या लोंब्या बांधतात आणि त्या वर्षभर तिथेच राहतात. शेती सुटलेली घरंही त्या तिच्याच शेतातून न्यायची. आम्ही दारोदार फिरलो. बऱ्याच लोंब्या चिमण्यांनी टिपल्या होत्या. बिल्डर झालेल्या एका गृहस्थांनी स्टुलावर चढून स्वतः काढून दिल्या. सगळ्या मिळून दोन-तीन मुठी दाणे निघाले.

ते मावशीने पेरले, पाणी चाखून, तिला वाटलं तेव्हा. मी रोज सकाळी वाफ्यापाशी हजर. दाणे किडके तर नसतील, उगवतील ना, एवढंच डोक्यात. पाचव्या दिवशी कोंब दिसले, पण एका कोपऱ्यापुरतेच. बाकीचं शेत त्या वर्षी रिकामं राहणार होतं.

"औंदा तांदूल इकत खाव," ती म्हणाली. "बी तरी राहिला." मग बांधावर बसत म्हणाली, "पुढल्या वरसाला तुजा नवा बी पन आन. एका कोपऱ्यान लावू. पन कवा पेराचा, ते मी सांगन."