आगंतुकांचं ऑडिट

"आधी हात काढा," असं म्हणून काका माउस दोन बोटांनी बाजूला सरकवायचे. मग चष्मा लावायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि स्क्रीनवर उगवलेली चौकट मोठ्यानं वाचायला लागायचे. पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत, मध्ये कुठेही घाई नाही. वाचून झालं की आपल्याकडे वळून एकच प्रश्न: "हे वाचलं होतं का?"

तुमच्याकडे त्या काळात कॉम्प्युटर असेल तर उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे. नव्हतं वाचलं. कोण वाचतं हो?

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत तेव्हा लिफ्ट यायची होती, पाणी टँकरनं यायचं आणि रस्त्याचं नुसतंच नाव लागलं होतं. पण घरटी एक कॉम्प्युटर मात्र आला होता. नेहरू प्लेसहून सुटे भाग आणून जुळवलेला, वर क्रोशाचं आवरण घातलेला. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं आणि ते चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज. त्याच तारेतून बाकीची मंडळीही आली. आम्ही न बोलावलेली.

आमच्या घरी त्यांना आत घेण्याचं श्रेय आमच्या ह्यांचं. हे केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. आयुष्यभर शिपायानं फाइल पुढे ठेवली, कागदाला चिठ्ठी लावलेली दिसली की तिथे सही करायची, ही हाताला सवय. कॉम्प्युटरनं चौकट पुढे केली की ह्यांचा हात आपोआप 'ओके'वर. "सहमत आहात का?" आहोत. "हेही सोबत घ्याल का?" घेऊ. होता होता आमच्या स्क्रीनवर टूलबारांचे थर चढले. खाली एक मांजर धावायचं आणि कुठलंही पान उघडलं की आम्ही दहा लाखावे पाहुणे म्हणून आमचं अभिनंदन व्हायचं. खरं वाचायचं ते तळाशी दोन बोटं जागेत.

मी वैतागून म्हटलं, "अहो, कोणाला तरी बोलवा." तर ह्यांनी तळमजल्यावरच्या काकांना बोलावलं. मला धक्काच बसला. काका ऑडिटमधून निवृत्त झालेले, आणि नोकरीत असताना त्यांच्या आक्षेपांची ख्याती अशी की कॉरिडॉरमध्ये ते दिसले की लोक जिना चढून जायचे. ह्यांच्या सेक्शनची एक फाइल त्यांनी इतक्यांदा परत पाठवली होती की तिचे कोपरे गोल झाले होते. आमच्या घरी त्यांचं नाव निघालं की ह्यांचा घास अडकायचा.

पण काका आले आणि त्यांनी काय बहार उडवली. पहिलं काम, टेलिफोनची तार भिंतीतून उपटली. "चौकशी चालू असताना बाहेरच्यांना प्रवेश नाही." मग कॉम्प्युटरमध्ये काय काय बसवलंय त्याची यादी उघडली आणि एकेका नावावर पेन्सिल ठेवून विचारू लागले. "हा प्रस्ताव कोणी आणला? गरज काय होती? मंजुरी कोणाची?" हे बिचारे स्टुलावर बसून, "आठवत नाही, काका," एवढंच म्हणत होते. काकांना त्याचा मनापासून आनंद होत होता. एखादा प्रोग्राम काढायला घेतला की कॉम्प्युटर विचारायचा, तुमची खात्री आहे का? काका माझ्याकडे बघून म्हणायचे, "बघा वहिनी, इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे म्हणायचे, जाऊ द्या ना साहेब."

एक टूलबार फार चिवट निघाला. काढायला गेलं की तो गयावया करून विचारायचा, 'तुम्हाला हे न काढता न ठेवण्याचा निर्णय रद्द करायचा नाही ना?' अशा थाटाचं काहीतरी. मी दोनदा चुकीचं बटण दाबलं. काकांनी हात मागे बांधून ते वाक्य शांतपणे वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "काय मसुदा आहे. चोरांच्या ऑफिसात कोणीतरी जुना ड्राफ्टिंगवाला बसलाय." आणि बरोबर बटण दाबून त्याला घालवलं. त्या दिवशी ह्यांनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं. मी तर म्हणेन, त्या जेवणात ह्यांचं त्यांच्याशी असलेलं जुनं भांडण मिटलं.

मग काय, सोसायटीभर बोलावणी सुरू झाली. ज्या खोडीपायी माणसं ज्यांना टाळायची, त्याच खोडीसाठी आता त्यांना चहाचं आमंत्रण. समोरच्या भल्ला आंटींकडे ते महिन्याआड जायचे. "पढ़ा था क्या?" काका त्यांच्या मराठी हिंदीत विचारायचे. "अंकल जी, पढ़ने बैठूँगी तो चलाऊँगी कब?" आंटी म्हणायच्या आणि पुढ्यात पराठा ठेवायच्या. काका पराठा मात्र न वाचता खायचे.

काका आता नाहीत. पण मला आठवते ती या सगळ्या घरांपेक्षा त्यांच्या स्वतःच्या घरातली एक दुपार.

त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. काकू लवकर गेल्या. एकुलती एक मुलगी मधुरा काकांनीच वाढवली. ती गुडगावच्या एका कंपनीत लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं म्हणाली. मुलगा पंजाबी, घर पानिपतला. आता दिल्लीतल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, आपण करनालला जातो, चंदीगडला जातो, पण बस पानिपतवरून निघाली की जरा गप्प होतो. काकांनी तर आक्षेपांची सरबत्तीच लावली. जात, भाषा, खाणं, पण सगळ्यांत वर पानिपत. "मराठी माणसानं एकदा तिथे जाऊन पाहिलंय," ते मला म्हणाले होते. मी हसले. ते हसले नव्हते.

मधुराही त्यांचीच मुलगी. "मंजुरी मिळेल तेव्हा येईन," म्हणाली आणि गुडगावला मैत्रिणींबरोबर राहू लागली. दिवाळीला आली नाही. काका आमच्याकडे फराळाला आले, चकलीचं कौतुक केलं आणि एक चकली हातात तशीच धरून बसले. फार वाईट वाटलं मला. पण त्यांना सांगणार कोण?

हिवाळा संपता संपता एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "वहिनी, जरा खाली येता का? माझ्या मशीनमध्ये शिरलेत."

मी गेले. काकांचा तो लख्ख कॉम्प्युटर, ज्यावर एकही जादा चित्र नसायचं, त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या गळत होत्या. माउसचा बाण जाऊन तिथे बदाम आला होता. कोपऱ्यात एक कबुतर पंख फडफडवत होतं. मला हसू आवरेना. "काका, वाचलं होतं का?"

"नव्हतं," ते म्हणाले. इतक्या साधेपणानं म्हणाले की माझं हसू थांबलं.

"मग तुम्हीच काढा की. तुम्हाला का मी शिकवू?"

"स्वतःचं ऑडिट स्वतः करता येत नाही. तुम्ही बसा, मी बघतो." आणि त्यांनी खुर्ची मला दिली.

तार उपटून मी यादी उघडली. सगळ्या लवाजम्याच्या मुळाशी एकच प्रोग्राम होता, फुकटात शुभेच्छापत्रं बनवायचा. मी वळून पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

"मधुरासाठी करत होतो," ते म्हणाले. "परवा तिचा वाढदिवस होता. फोन करायचं धाडस होईना. म्हटलं, कार्ड बरं. गुलाबाचं चित्र दिसलं आणि दाबत गेलो."

"पाठवलंत?"

"नाही ना. मजकूर बसेना."

मी काढून टाकायचं बटण दाबलं. चौकट आली. सवयीनं काकांनी चष्मा लावला, हात मागे बांधले आणि मोठ्यानं वाचलं. हा प्रोग्राम काढल्यास त्यात बनवलेली सर्व कार्डं कायमची नष्ट होतील. पुढे जायचं का?

मी बोटं उचलली. काका बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले. पाकळ्या गळत होत्या.

"बघू का आधी?" मी विचारलं. 'नाही' दाबून मीच कार्ड उघडलं. चौकटीत मावेल तितकाच मजकूर घ्यायचं ते कार्ड, आणि काकांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. 'चि. मधुरा, अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रस्तावावर साकल्यानं विचार करता खालील मुद्दे' इथे जागा संपली होती.

"काका," मी म्हटलं, "आता मी आक्षेप घेऊ का? वाढदिवसाला मुद्दे कोण पाठवतं? तुम्हाला तिला काय सांगायचंय?"

"ये म्हणून सांगायचंय."

"मग तेवढंच लिहा की."

"आणि तो?"

"त्याचं तुम्ही ठरवा. मला बाई मधे घेऊ नका."

ते खुर्चीत बसले. जुना मजकूर पुसला. एका बोटानं टाइप केलं: 'मधुरा, ये.' थांबले. मान खाली घालून विचार केला आणि पुढे लिहिलं: 'त्यालाही घेऊन ये. बाबा.' जागा बरीच उरली होती. तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पाठवायचं तर तार पुन्हा लावणं आलं. ती लावली आणि अंगावर चौकटींची झुंड आली. अभिनंदन, लॉटरी, सावध व्हा, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, एकाकी आहात का? एक बंद करावी तर दोन उघडायच्या. काकांनी पाठवायच्या बटणावर नेम धरला होता आणि मी बाजूनं हात घालून मधे येणाऱ्या चौकटी मारत होते. "डावीकडची, वहिनी, डावीकडची," ते ओरडत होते. शेवटी क्षणभर वाट मोकळी झाली आणि त्यांनी बटण दाबलं. तेवढ्यात आणखी एक चौकट आली. तिच्यावर काय लिहिलं होतं ते आम्ही दोघांनीही वाचलं नाही, काकांनी सरळ 'ओके' केलं. कबुतर पाकीट चोचीत घेऊन उडालं.

मग तार काढून आम्ही साफसफाई केली. आधी कबुतर गेलं, मग बदाम, शेवटी पाकळ्या. काका एकेक नाव वाचत होते, मी काढत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "ऑफिसात असेल ना ती आत्ता?" ते मधेच म्हणाले. "कामात असेल. कशाला बघेल?"

"बघेल हो."

स्क्रीन स्वच्छ झाली. तार मी परत फोनला जोडून दिली. चहा टाकायला म्हणून काका उठले आणि फोन वाजला. ते तिथेच उभे राहिले. मी खूण केली, तेव्हा कुठे रिसीव्हर उचलला.

मधुराचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "बाबा, केव्हाची लावतेय, आधी एंगेज, मग नुसतीच रिंग." मग ती रडायला लागली. काका म्हणाले, "पानिपतला थंडी फार असते म्हणतात. पांघरूण नीट घेत जा."

"बाबा, त्याच्या घरचा कारखानाच ब्लँकेटचा आहे," ती रडता रडता हसली.

"अच्छा," काका म्हणाले. "हे मला ठाऊक नव्हतं."

मग काकांनी खिशातून चष्मा काढला, कारण नसताना डोळ्यांवर चढवला आणि घसा खाकरला.

"बरं, एक राहिलंच," ते म्हणाले. "नाव काय त्याचं?"