काय बदललंत?

सर तुमच्या स्क्रीनकडे कधीच बघत नसत. नवीन टूल बसवल्यापासून सगळं चुकांनी लाल झालेलं असो, नाहीतर कालपर्यंत गुणी बाळासारखा चालणारा बिल्ड आज सकाळी आडवा झालेला असो, तुम्ही उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून त्यांच्या टेबलाशी जायचं. ते खिडकीबाहेर, खराडीतल्या एका अर्धवट टॉवरकडे बघत बसलेले असायचे. तुम्ही लॅपटॉप त्यांच्याकडे वळवायचात. ते तो अलगद पुन्हा तुमच्याकडे वळवायचे. “मला दाखवू नका. वाचा. मोठ्यानं. पहिली ओळ.”

बिल्ड म्हणजे आम्ही सगळ्यांनी लिहिलेला कोड एकत्र बांधून त्याचं चालतं सॉफ्टवेअर करणं. बांधायचं काम मशीन करतं. मोडलं की भांडायचं काम माणसं करतात. आणि मशीनचा स्वभाव असा की एक चूक सापडली तरी ते पानंच्या पानं ओरडत सुटतं. आम्ही शेवटची ओळ धरून बसायचो, कारण ती समोर दिसायची. सर म्हणायचे, “शेवटची ओळ नुसती रडते हो. मारलंय कुणी ते पहिलीला विचारा.” त्यामुळं त्यांचं नावच ‘पहिली ओळ सर’ पडलं. खरं आडनाव पगाराच्या स्लिपवर होतं आणि तिथंच राहिलं. नव्यानं आलेल्या एका मुलीनं तर त्यांना मेलमध्ये ‘आदरणीय पहिली सर’ असं लिहिलं. सरांनी उत्तरात तिचा प्रश्न सोडवला आणि खाली सही केली, ‘आपला, पहिली’.

न बघण्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील येरवड्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. घरी मुद्रितं यायची, आणि लहानपणी सरांचं काम मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचं. वडील मुद्रितावर बोट ठेवून ऐकायचे. “डोळे आपल्याला हवं तेच वाचतात,” सर म्हणाले. “तोंडानं वाचायला लागलं की जे आहे तेच वाचावं लागतं.” मला हे तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं. मग एकदा मी स्वतःची पहिली ओळ त्यांच्यासमोर वाचायला घेतली, आणि अर्ध्यात थांबून “आलं लक्षात” म्हणत परत फिरले. सरांनी टॉवरवरची नजर हलवलीसुद्धा नव्हती. असे कितीतरी जण अर्ध्या ओळीतून परत जायचे, आणि सरांनी काहीच केलं नाही असं वर सांगायचे.

ओळ वाचून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. “काय बदललंत?” आणि उत्तरही ठरलेलं. “काही नाही.” सबंध पुणे शहरात ‘काही नाही’ इतक्या आत्मविश्वासानं दुसरीकडे कुठं म्हटलं जात असेल असं मला वाटत नाही. आमच्या सचिनचंच घ्या. आम्ही ज्या टेकपार्कात बसायचो तो त्याच्या चुलत्यांच्या उसाच्या रानात उभा होता, त्यामुळं तो ऑफिसात नोकर कमी आणि मालक जास्त वाटायचा. त्याचा बिल्ड पडला.

“काय बदललंत?”

“काय नाय ओ सर. हाय तसंच हाय.”

“मग पडला का?”

“ते फकस्त अपडेट आलं होतं सकाळी.”

“आलं? पाहुणे येतात, सचिनराव. अपडेट आपण घेतो. कुणी घेतलं?”

“ते विचारत होतं ना सारखं. मी हो म्हनलं.”

“काय विचारत होतं?”

“वाचलं नाय,” सचिन म्हणाला, आणि मान खाली घालून पहिल्यापासून वाचायला लागला. नवं टूल बसलं होतं, पण जुनं काढलेलं नव्हतं. “हाक मारली की जुनंच ओ देतंय,” सर म्हणाले. “त्याला आधी रजा द्या.” सचिननं ते काढलं आणि बिल्ड उभा राहिला.

कुणीतरी सुचवलं, सर, टेबलावर पाटीच लावून टाका, तेच तेच बोलायला नको. पुण्यात राहून हा माणूस पाट्यांच्या विरुद्ध होता. “पाटी लावली की लोक पाटीचा फोटो काढतात,” ते म्हणाले, “वाचत नाहीत.” त्यांच्या मते वाचणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात दुर्मीळ गुण होता. बाकी सगळं इंटरनेटवरून उचलता येतं. आमच्यातलं कुणी एखाद्या अनोळखी माणसानं कुठल्याशा फोरमवर लिहिलेली आज्ञा न वाचता मशीनमध्ये चिकटवून आलं असेल, तर ते शांतपणे विचारायचे, “हे गृहस्थ आपल्या ओळखीचे?” नाही म्हटलं की म्हणायचे, “मग घराची किल्ली बरी दिलीत.”

एवढं खवचट बोलणाऱ्या माणसाला आम्ही सहन का करायचो, याचं उत्तर सोपं आहे. आमचं सॉफ्टवेअर लहान गावांतल्या डायलिसिस केंद्रांच्या वेळा लावायचं. बिल्ड अडला की केंद्रांना हवी ती दुरुस्ती पोचत नसे, आणि आम्हाला चहाला वेळ मिळायचा. सर मात्र म्हणायचे, “तिकडं पेशंट बाकावर बसलाय.” हे ते ओरडून म्हणत नसत. ते वाक्य ऐकलं की चहा घशाखाली जात नसे. त्या मजल्यावर पेशंट आठवणारा तो एकच माणूस होता, हे आज मला स्पष्ट दिसतं.

कोपऱ्यात त्यांचं बिल्डचं मशीन होतं, त्याला आम्ही ‘थोरला’ म्हणायचो. ग्राहकाकडे जाणारं प्रत्येक सॉफ्टवेअर थोरल्याच्या हातून जायचं. सर अपडेटच्या विरुद्ध होते अशी त्यांची बदनामी होती, ती खोटी. ते अपडेट घ्यायचे, पण एका वेळी एक, आधी दुसऱ्या मशीनवर, आणि मग दोन दिवस थोरल्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघायचे. बाकीची अपडेट्स दाराबाहेर रांगेत थांबवलेली असायची. थोरला कधी बंद करायचा नाही एवढी एकच गोष्ट त्यांनी आम्हा कोड लिहिणाऱ्यांना बजावून ठेवली होती. बंद करून चालू केला की ती रांग एकदम आत घुसणार, हे त्यांना माहीत होतं.

मग आमच्याकडे नवे डायरेक्टर आले. पहिल्याच सभेत त्यांनी ‘व्हिजन’ हा शब्द इतका वापरला की त्यांचं नाव ठेवायला आम्हाला वेळ लागला नाही. व्हिजनसाहेबांना थोरला बघवेना. “Guys, हे काय आहे? एक box आणि एक माणूस? This is not scalable.” त्यांना आपोआप अपडेट होणारी, आपोआप बरी होणारी यंत्रणा हवी होती. त्यांनी सरांच्या देखत जाहीर केलं की दसऱ्यानंतर ग्राहकांकडे जाणारी नवी रिलीज सुरळीत गेली तर सरांची जागा ठेवायचा ‘विचार’ होईल. अडली तर काय होईल ते सांगितलं नाही. सर खिडकीबाहेर बघत होते. “टॉवरचं काम पुन्हा थांबलेलं दिसतंय,” एवढंच ते म्हणाले. घरी आजारी आई होती, मुलीचं शिक्षण चालू होतं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बिल्ड इंजिनिअरला खराडीत नवी नोकरी कोण देतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दर दसऱ्याला सर रजेवर असायचे. आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं. आणि दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या ऑफिसात खंडेनवमीची पूजा व्हायची. एरवी लॅपटॉप, प्रिंटर आणि कॉफीचं यंत्र यांना हळदकुंकू लागायचं आणि पेढे वाटले जायचे. त्या वर्षी एचआरच्या मंजिरीमॅडमच्या मनात आलं की इतकी वर्षं राबणाऱ्या थोरल्याची पूजा नको का करायला? आणि शस्त्राची पूजा करायची तर त्या दिवशी ते चालवायचं नसतं, त्याला विश्रांती द्यायची असते. त्यांच्या माहेरी पूजेच्या दिवशी शिवणयंत्राला पाय लावत नाहीत. मॅडमनी अत्यंत भक्तिभावानं थोरला बंद केला, त्याला झेंडूची माळ घातली आणि आरती ओवाळली. सरांचं बजावणं विसरून आम्ही टाळ्या वाजवल्या. मग पेढा खाऊन मॅडमनी तो पुन्हा चालू केला.

रांग आत घुसली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बिल्ड पडला, आणि त्यानंतर जे झालं त्याला व्हिजनसाहेबांनी ‘वॉर रूम’ असं नाव दिलं. एकानं टूल काढून पुन्हा बसवलं. दुसऱ्यानं त्याहून नवं बसवलं. तिसऱ्यानं मशीननं आधीच्या बिल्डमधून जपून ठेवलेला सगळा साठा पुसून टाकला, कारण त्याच्या जुन्या कंपनीत तसं करायचे. साहेब मागं उभं राहून “Let's try one more thing” म्हणत होते. लाल अक्षरं वाढत गेली. पहिली ओळ कुणीही वाचली नाही, आणि तिकडं केंद्रांचे फोन यायला लागले.

सर परत आले ते स्टेशनवरून थेट ऑफिसात, बॅगेसकट. “काय बदललंत?” त्यांनी विचारलं. अख्खा मजला उभा होता. साहेब म्हणाले, “Nothing major.” सचिन म्हणाला, “आपोआप झालंय ओ सर.” बाकीचे म्हणाले, “काही नाही.” सर स्क्रीनकडे बघत नसत, पण त्या दिवशी ते वाकून थोरल्याकडे बघत राहिले. माळ सुकली होती, आणि चालू-बंद करायच्या बटणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

त्यांनी काही विचारायच्या आत मंजिरीमॅडम पुढं आल्या. “सर, मी बंद केला. पूजेसाठी. विश्रांती द्यायची असते ना. मला माहीत नव्हतं हो.”

आम्हाला वाटलं, आता मॅडमचं काही खरं नाही. सरांनी खुर्ची ओढून त्यांना बसायला दिली. “मॅडम, इतक्या वर्षांत मला या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या तुम्ही पहिल्या,” ते म्हणाले. “आता सोपं आहे.” मग त्यांनी आम्हा एकेकाला बोलावून आपण काय काय केलं ते शेवटाकडून सुरुवातीकडे सोडवायला लावलं, गाठी सोडवाव्यात तसं. दुपारच्या जेवणाआधी बिल्ड हिरवा झाला आणि फोन थांबले. सर डबा उघडून बसले. नागपूरची संत्रा बर्फी त्यांनी मजल्यावर सगळ्यांना दिली, मॅडमना दोन.

व्हिजनसाहेबांनी या प्रकाराचा अहवाल केला. सुंदर रंगीत अहवाल होता. त्यात पूजेचा उल्लेख नव्हता, कारण त्यानं भावना दुखावल्या असत्या. ‘वॉर रूम’चाही नव्हता. मूळ कारण म्हणून लिहिलं होतं, ‘एकाच व्यक्तीवर अवलंबून असणे’. त्यावर उपाय म्हणून ती व्यक्ती काढायची ठरली. सरांनी अहवाल वाचला. पहिली ओळ मोठ्यानं वाचली, आणि म्हणाले, “शुद्धलेखन चांगलं आहे.” निरोपाला केक होता. भाषण करा म्हटल्यावर ते म्हणाले, “नवीन काही नाही. वाचत जा.” मंजिरीमॅडम रडत होत्या. सरांचे शेवटचे कागद त्यांनाच तयार करावे लागले होते. मलाही रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. थोरला भंगारात गेला.

नवी यंत्रणा आपोआप अपडेट झाली, आपोआप बरी होत गेली आणि एका सकाळी आपोआप पडली. तिचा एकच संदेश होता, ‘काहीतरी चुकले आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ आम्ही थोड्या थोड्या वेळानं प्रयत्न करत राहिलो. खाली बारीक अक्षरांत ‘तपशील’ असं एक बटण होतं, ते कुणाला दाबावंसं वाटलं नाही. केंद्रांचे फोन सुरू झाले. ती यंत्रणा बसवणाऱ्या सल्लागार कंपनीनं ‘तिकीट उघडा’, म्हणजे तक्रार नोंदवा, म्हणून सांगितलं. शेवटी व्हिजनसाहेबांनी मीटिंगच्या खोलीत मला, सचिनला आणि मंजिरीमॅडमना बसवलं, आणि स्पीकरवर सरांना फोन लावला.

“Sir, how are you? एक छोटा issue होता.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. सरांच्या येरवड्याच्या घरातला कुकर मी ओळखते. तिथं मी जेवले आहे. मग सरांचा आवाज आला. तोच, सपाट.

“काय बदललंत?”

“Actually, nothing. काही नाही.”

सचिन टेबलाकडे बघत होता. मग मंजिरीमॅडम फोनकडे वाकल्या.

“तुम्हाला, सर,” त्या म्हणाल्या. “आम्ही तुम्हाला बदललं.”

आता सर फोन ठेवणार, असं मला वाटलं. ठेवला असता तर मला आनंदच झाला असता. मग त्यांनी घसा साफ केला. तो आवाज जरा ओला होता, हे मी खात्रीनं सांगते.

“मॅडम, उत्तर देणाऱ्या अजून तुम्ही एकट्याच,” ते म्हणाले. “बरं. पेशंट बसलेत का बाकावर?”

“बसलेत, सर,” मी म्हणाले.

“मग तपशिलात जा. पहिली ओळ.”

व्हिजनसाहेबांनी ‘तपशील’ दाबलं. पानंच्या पानं उलगडली. ती बघून ते गांगरले आणि त्यांनी घाईघाईनं लॅपटॉप फोनकडे वळवला.

मी तो पुन्हा त्यांच्याकडे वळवला. साहेब मोठ्यानं वाचू लागले.