बाजाराच्या दिवशी विचारलेला प्रश्न

सत्तरच्या दशकात मी मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका शाळेवर मास्तर होतो. माझं गाव तिकडे सांगलीच्या बाजूला, कृष्णाकाठी. डोंगरातला पाऊस, नाचणीची भाकरी आणि सदा ओले राहणारे कपडे मला कधी मानवले नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिशवी खांद्याला अडकवून साडेबाराची एसटी पकडायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचं, हा माझा नेम. या नेमावर माझा फार जीव होता. पुढचं सगळं त्यापायीच झालं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कुणी माझी बाजू घ्यायला नको.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने त्या वर्षी एक चांगलं काम केलं होतं. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला आदिवासी मुलं बसतच नाहीत, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि परिपत्रक निघालं. शिक्षकांनी वर्गातल्या आदिवासी मुलांना विचारावं, तयार असतील त्यांचे अर्ज भरावेत, पुस्तकं समिती देईल, आणि शिक्षकाने त्यांच्यासाठी दर रविवारी जादा तास घ्यावा. शेवटची ओळ वाचून माझं तोंड कडू झालं.

माझ्या चौथीत कातकऱ्यांची एकच मुलगी होती. ओढ्यापलीकडे त्यांची पाच-सहा खोपटी होती, तिथून ती यायची आणि दाराजवळ बसायची. दाराजवळच का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तोंडी गणितात तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. माझा प्रश्न पुरा होण्याआधी तिचं उत्तर तयार असायचं. बाजाराच्या दिवशी मात्र ती शाळेत नसायची. आईबरोबर खेकडे नाहीतर लाकडाची मोळी घेऊन मेढ्याला जायची. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण दर आठवड्याला तिची गैरहजेरी मीच मांडत होतो.

परिपत्रक मी पाच दिवस खिशात ठेवलं आणि बाजाराच्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचलं. आदिवासी मुलांपैकी परीक्षेला कोण तयार आहे, असं विचारलं. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मग मी नोंदवहीत लिहिलं, ‘वर्गात विचारणा केली. कोणी तयार नाही.’ त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आज तो प्रसंग नुसता आठवला तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

वर्गातल्या सहा मुलांचे अर्ज मी भरले. त्यांची तयारी शाळेच्या वेळेतच चालायची. मधल्या सुट्टीत ती पोरं जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसली की ही कातकऱ्यांची पोर त्यांच्यात जाऊन बसायची. त्यांना अडलेलं गणित तीच सोडवून द्यायची. मी नुसतं बघायचो. एकदा तिने पाटी माझ्यापुढे धरली. उत्तर बरोबर होतं, मी खूण केली. त्या खुणेवरून ती धरून चालली की आपणही परीक्षेला आहोत. मला ते कळत होतं, पण तिला तसं नाही म्हणून सांगितलं असतं तर अर्ज का भरला नाही तेही सांगावं लागलं असतं.

परीक्षेच्या दिवशी मी सहा पोरांना घेऊन मेढ्याच्या केंद्रावर गेलो. थोड्या वेळाने ती आणि तिची आई चालत आल्या. डोक्याला तेल, घट्ट वेण्या, हातात कुणाकडून तरी मागून आणलेलं शाईचं पेन.

“आवं गुरुजी, हिचा लंबर कुठल्या खोलीत हाय?” आईने विचारलं.

मी भिंतीवरची यादी वरपासून खालपर्यंत वाचल्याचं नाटक केलं आणि म्हणालो, “नाव धाडलं होतं मी. वरच्यांनीच गाळलं.”

आईने नुसती मान हलवली. तिला ते लगेच पटलं. वरच्यांकडून तिची दुसरी काही अपेक्षाच नव्हती. दोघी पेपर सुटेपर्यंत आवारात थांबल्या. मुलं बाहेर आल्यावर पोरीने त्यांच्याकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि तिथंच मातीत काडीने गणितं करत बसली. मी चहा प्यायला निघून गेलो.

महिन्याभराने शिक्षण विस्तार अधिकारी शाळेवर आले. एवढं करूनही आदिवासी मुलं परीक्षेला का बसली नाहीत, याचं उत्तर समितीला हवं होतं. मी नोंदवही पुढे केली. पण माणूस चिकित्सक निघाला. त्यांनी त्या मुलीलाच उभं केलं आणि परीक्षेला का बसली नाहीस म्हणून विचारलं. वरच्यांनी नाव गाळलं, एवढं ती बोलली असती तरी माझं बिंग फुटलं असतं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग साहेबांच्या बुटांकडे.

“मलाच नगं हुतं, सायेब,” ती म्हणाली.

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या एका वाक्यावर पुढच्या वर्षी आमच्या खोऱ्यातला रविवारचा तास रद्द झाला, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मी सुटकेचा निःश्वास टाकला. पोरीला सगळं कळलंय आणि तरी तिने मला वाचवलं, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी तिचे आभारही मानले.

शाळा सुटली, साहेबांची मोटारसायकल उतारावरून दिसेनाशी झाली, तेव्हा ती माझ्या टेबलाशी आली. तिच्या चेहऱ्यावर मोठं काम नीट पार पाडल्याचा आनंद होता.

“गुरुजी, माझं नाव गाळनारं ह्येच सायेब न्हवं? म्या त्यास्नी काय बी बोल लावला न्हाई. आता सातवीच्या शिष्यवृत्तीला घालतील न्हवं माझं नाव?”

मी घालतील म्हणालो आणि पिशवी खांद्याला अडकवली. शनिवार होता.