दिवाळीच्या तोंडावर केलेला अपडेट

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. ही वही जो कुणी उघडेल त्याने माफ करावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण लिहून ठेवल्याशिवाय माझा राग उतरायचा नाही.

२०१७ साली मी आयर्लंडात ल्यूकनला मुलाकडे राहून इथल्या एका भारतीय दुकानाला फराळ करून देत होते. प्रत्येक डब्यावर छापील लेबल लागतं, त्यात शेंगदाणे, तीळ, गहू असं सगळं ठळक. इथे कुणाला शेंगदाणा बाधला तर जिवावर बेततं, म्हणून लेबलाशिवाय दुकानदार डब्याला हात लावत नाही. मुलाने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं होतं. चकलीच्या चित्रावर दाबलं की लेबल छापून येई. त्याआधी दोन वर्षं एकदाही अडलं नव्हतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मुलाने मला न विचारता त्यावर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. "आई, जुनं ठेवणं धोक्याचं असतं," म्हणाला, आणि सोमवारी आठवडाभराच्या कामासाठी ॲथलोनला निघून गेला. मी चकलीवर दाबलं. प्रिंटर गप्प. फोनवरून त्याने सांगितलेलं सगळं सुनेने करून पाहिलं. शेवटी म्हणाला, "प्रिंटरचं पॅकेज, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, नव्या आवृत्तीत चालत नाहीये. शुक्रवारी आलो की बघतो."

डबे बुधवारी द्यायचे होते. सुनेने सुंदर अक्षरात लेबलं लिहिली. दुकानदार म्हणाला, "काकू, हाताने लिहिलेलं मी ठेवत नाही. तपासणीला आले तर अडकेन मी." त्याने दिलेला ॲडव्हान्स तेलात आणि भाजणीत गेला होता. सुनेकडून उसने घेऊन मी तो परत केला. चकल्या महिनाभर आम्हीच खाल्ल्या.

मुलगा म्हणाला, "होतं असं कधी कधी." मी कढई घासायला घेतली.

डिसेंबरात मी कणीक मळत होते आणि तो फोनवर ऑफिसातल्या कुणाला तरी सांगत होता, "नाही, कुणाच्याही कॉम्प्युटरवर आता काहीच बदलायचं नाही. नाताळ होऊ दे. गिऱ्हाइकांचे धंद्याचे दिवस आहेत."

त्याने फोन ठेवेपर्यंत थांबले. "हा नियम कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. सगळीकडेच असतो."

"मग माझी दिवाळी धंद्याची नव्हती का?"

तो हसायला लागला. "अगं, तुझा तर एकच लॅपटॉप."

"एकच होता म्हणून तर. नवं दही लागायच्या आत मी जुनं विरजण कधी संपवलंय?"

मग नाही हसला. त्याच रविवारी त्याने जुनी आवृत्ती परत बसवली आणि प्रिंटरचं पॅकेज आपोआप बदलणार नाही असं आहे तिथेच अडकवून ठेवलं. सुरक्षेचे छोटे अपडेट तेवढे येत राहणार. मोठं काही करायचं तर आधी त्याच्या लॅपटॉपवर, दहा लेबलं छापून पाहून, आणि गणपती ते दिवाळी मुळीच नाही. हे मी त्याला कागदावर लिहायला लावलं आणि कपाटाच्या दाराला चिकटवलं. चुकलो, असं मात्र तो अजून म्हणालेला नाही.

पुढच्या दिवाळीला सगळी लेबलं छापून आली आणि दुकानदाराने सगळे डबे घेतले. घरी येऊन मी सुनेचे पैसे तिच्या हातात ठेवले. ती न मोजताच पर्समध्ये टाकत होती. मी म्हटलं, मोज. तिने मोजले. पुरेपूर होते.